थिजलेला रस्सा

डिसेंबरात विदर्भातल्या सावनेरला पायाचं सूप रात्रभर पातेल्यात राहिलं, की सकाळी त्यात पळी उभी राहते. बकऱ्याचे खूर मंद आचेवर तासन्‌तास शिजलेले. वरची चरबी बाजूला सारली की खाली पिवळसर, थरथरणारा गोळा. ‘थंडीत थिजतेच नं ते,’ म्हणत मामी पातेलं पुन्हा गॅसवर चढवते. तुकडा बोटावर घ्या, अंगच्या उबेनंच विरघळतो आणि बोटं चिकटतात. मे महिन्यात हेच सूप पातळच राहतं.

ही करामत खुरांच्या कातडीतल्या आणि कंडरांतल्या कोलॅजनची. या प्रथिनात तीन साखळ्यांचा पीळ असतो, हे 1954 साली मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी दाखवलं. शिजताना पीळ सुटतो. निवताना साखळ्या परत वळायला बघतात खऱ्या, पण एकीचा मधला भाग दुसरीच्या टोकाशी, तिसरी भलतीकडेच. त्या गुंत्यात पाणी अडकतं आणि सूप थिजतं.

पेशीला असा गुंता परवडत नाही. एकेका साखळीत हजारावर अमिनो आम्लं, पिळाच्या भागात दर तिसरं ग्लायसिन. तिन्ही साखळ्या शेवटी तयार झालेल्या टोकाशी जुळतात आणि तिथून पीळ भरत जातो. मदतनीस प्रथिनं त्याआधीच कामाला लागलेली असतात. एक प्रोलिन या अमिनो आम्लाला हायड्रॉक्सिल जोडतं. हे झालं नाही तर पीळ साधारण 24 अंशांनाच उलगडतो, म्हणजे अंगात टिकणारच नाही. या कामाला लोह आणि क जीवनसत्त्व लागतं. स्कर्व्हीत हिरड्यांतून रक्त येतं ते म्हणूनच. सावनेर-काटोलकडच्या संत्र्यांचा संबंध इथे येतो. (आवळ्यात क त्याहून कितीतरी जास्त, पण हे आमच्याकडे मोठ्यानं बोलू नये.) दुसरं प्रथिन प्रोलिनपाशी अडलेलं वळण फिरवून देतं.

मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते एचएसपी-47. जपानच्या काझुहिरो नागाता यांनी 1986 मध्ये त्याची नोंद केली. बाकीचे मदतनीस बरीच प्रथिनं हाताळतात. याला कोलॅजनशीच देणंघेणं. तेही वळलेल्या पिळाशी, कारण 37 अंशांवर तयार पीळही सैल होऊ पाहतो. तो धरून ते पेशीतल्या गॉल्जी या भागापर्यंत जातं. तिथे आम्लता वाढते, पकड सुटते, आणि हे पुढच्या पिळासाठी माघारी येतं. त्याचं जनुक काढलेले उंदीर गर्भातच, अकरा-साडेअकरा दिवसांत मरतात. माणसात त्यात बिघाड झाला, तर बाळ ठिसूळ हाडं घेऊनच जन्माला येतं.