तोंडपाठ नकाशा

मुलांनो, शाळेत नकाशा काढायचा म्हटला की आपण कागद, पेन्सिल, खोडरबर घेऊन बसतो. पण ज्यांच्याकडे कागदच नव्हता, त्यांनी आकाशाचा नकाशा कसा जपला असेल? चक्क तोंडपाठ करून!

पॅसिफिक महासागरात सातावाल नावाचं चिमुकलं बेट आहे. तिथल्या माऊ पिआयलुग यांना लहानपणी त्यांचे आजोबा गोलात खडे मांडून शिकवत. मधोमध आपली होडी, भोवती क्षितिज. एकेक खडा म्हणजे एकेका ताऱ्याची उगवायची नाहीतर मावळायची जागा. उत्तरेला ध्रुव, पूर्वेला श्रवण, मधे अभिजित, कृत्तिका... नावं त्यांची वेगळी, तारे मात्र आपलेच!

तारा रोज चार मिनिटं लवकर उगवतो, पण क्षितिजावरची त्याची जागा बदलत नाही. तेव्हा उगवत्या ताऱ्याच्या रोखाने होडी हाकायची. तो फार वर चढला, की त्याच जागी उगवणारा पुढचा तारा धरायचा. आणि ढग आले तर? लाटांच्या हेलकाव्यांवरून दिशा ओळखायची!

जुने पॉलिनेशियन दर्यावर्दी असेच दूरदूरची बेटं गाठत. काही विद्वानांना मात्र हे पटेना. ते म्हणत, वाऱ्याने भरकटत पोचले असतील! म्हणून हवाई बेटांवरच्या मंडळींनी जुन्या धर्तीची शिडाची जोडहोडी बांधली, ‘होकुलेआ’. पण वाट दाखवणार कोण? हवाईत ती विद्या जाणणारा कुणी उरलाच नव्हता. शेवटी माऊंना बोलावणं गेलं. होकायंत्र नाही, कागदी नकाशा नाही आणि हा मार्गही त्यांच्या पायाखालचा नाही. १ मे १९७६ला निघालेली होडी सुमारे ४००० किलोमीटर कापून ४ जूनला ताहितीला पोचली. किनाऱ्यावर हजारो माणसं लोटली होती.

सातावालची मुलंही आता हे शिकेनाशी झाली होती. मग माऊंनी हवाईच्या तरुणांना शिकवलं. त्यांचे शिष्य नाइनोआ थॉम्पसन १९८०मध्ये होडी ताहितीला नेऊन परत घेऊन आले. माऊ २०१०मध्ये वारले.

आणि गंमत ऐका. होकुलेआ म्हणजे आनंदाचा तारा, म्हणजेच आपली स्वाती! हवाईत ती अगदी माथ्यावरून जाते. ताहितीहून उत्तरेकडे येताना स्वाती डोक्यावर आली, की समजायचं, हवाईच्या सरळ रेषेत आलो. मुंबईही जवळपास त्याच अक्षांशावर आहे बरं का! मेअखेरीस रात्री साडेदहाच्या सुमारास गच्चीवर उताणे पडा. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे वाढवलात, की बरोब्बर डोक्यावर एक ठळक नारिंगी तारा सापडेल.