पिकअप गाडीचा डिझेल-दाब मधूनच कां उतरतो?

ज्याच्या दारीं पिकअप गाडी नाहीं असा बागाईतदार हल्लीं आमच्या संगमनेर भागांत विरळाच. टोमॅटो, कांदा, डाळिंब यांची ने-आण तिच्यावरच चालते; सबब गाडी अडली म्हणजे खुडलेला माल अडतो, आणि टोमॅटो कांहीं उद्यांपर्यंत थांबत नाहीं. या गाडीचा एक रोग असा आहे कीं, तो मिस्त्रीच्या दारांत कधीं प्रकट होत नाहीं व घाटांत मात्र हटकून होतो. त्याचें निदान कोणत्या क्रमानें करावें, हें आमच्या घरच्याच गाडीवरून सांगण्याचें योजिलें आहे.

पावसाळ्याच्या आरंभीं माझा पुतण्या साठ क्रेट टोमॅटो, म्हणजे सुमारें १२०० किलो माल, घेऊन नारायणगांवच्या बाजारास निघाला. चंदनापुरी घाट अर्धा चढल्यावर गाडीचा जोर एकाएकीं गेला, इंजिनाचा पिवळा दिवा लागला, आणि पेडल कितीहि दाबलें तरी गाडी पायीं चालणाऱ्याच्या गतीनें जाऊं लागली. त्यानें ती कडेस घेऊन बंद केली. दहा मिनिटांनीं सुरू केली, तों जणूं कांहीं झालेंच नाहीं अशी ती घाट चढून गेली! आळेफाट्याच्या अलीकडे पुन्हां तोच प्रकार. बाजारांत पोहोंचला तेव्हां लिलाव आटोपला होता. माल मिळेल त्या भावानें द्यावा लागला. परत येतांना गाडी रिकामी होती, तेव्हां तिनें कांहींहि कुरकुर केली नाहीं.

गॅरेजांत स्कॅनर लाविला. त्यावर पी-००८७ हा संकेत आला. रेलमधील इंधनाचा दाब पाहिजे त्यापेक्षां कमी, असा त्याचा अर्थ. मिस्त्रीनें तेवढ्यावरून उच्च दाबाचा पंप निकामी ठरविला. पंप बदलला, चाळीस हजारांवर रुपये गेले, आणि चौथ्या खेपेस गाडी त्याच घाटांत, जवळजवळ त्याच वळणावर, पुन्हां उभी राहिली. माझें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. तक्रारअर्ज म्हणजे पुरावा नव्हे, स्थळपाहणी झाली पाहिजे, हें तेथें पहिल्या वर्षींच शिकवीत. स्कॅनरचा संकेत हाहि तक्रारअर्जच होय. दाब कमी आहे एवढेंच तो सांगतो. कोणामुळें कमी आहे, हें सांगत नाहीं.

आतां यंत्राची रचना थोडक्यांत पाहूं. विहिरीवरच्या जुन्या ऑईल इंजिनांत पंपाच्या प्रत्येक फटक्यासरशी इंजेक्टरास दाब मिळे. आजच्या गाडींत, ज्या पद्धतीस कॉमन रेल म्हणतात व जी मोटारगाड्यांत १९९७ सालापासून आली, पंप एका जाड पोलादी नळीत डिझेल दाबून भरून ठेवितो आणि संगणक प्रत्येक इंजेक्टर विजेनें उघडतो. गाडी नुसती उभी चालूं असतां या नळींतील दाब साधारणतः २५० ते ३५० बार असतो; भरलेल्या गाडीनें चढ चढतांना तो १६०० बारपर्यंत किंवा वरहि जातो. ट्रकच्या टायरांतील हवा सुमारें ८ बार असते, त्यावरून वाचकांस कल्पना येईल. परंतु टाकीपासून या पंपापर्यंतचा मार्ग मात्र पुष्कळ पिकअप गाड्यांत दाबाचा नसून ओढीचा असतो. टाकींत वेगळा पंप नसतो. इंजिनाजवळचा पंपच डिझेल ओढून घेतो.

या ओढीमुळें एक चमत्कारिक गोष्ट घडते. या भागांतील रबरी नळीस चीर पडली किंवा क्लिप सैल झाली, तरी गाडी चालतांना तेथून डिझेल गळत नाहीं. उलट हवा आंत जाते. खालीं जमीन कोरडी आहे, म्हणजे गळती नाहीं, हा समज म्हणून खोटा. आणि गाळणी अर्धी तुंबली असली, तर उभ्या गाडीस लागणारें थोडें डिझेल तिच्यांतून सहज येतें. घाटांत मागणी वाढली म्हणजेच तूट पडते. गॅरेजच्या दारांत रोग कां दिसत नाहीं, याचें उत्तर बहुधा येथें आहे.

दुसरा मिस्त्री वयस्क व सावकाश काम करणारा भेटला. त्यानें पाना हातीं घेण्यापूर्वीं पुतण्यास अर्धा तास प्रश्न विचारले. दोष टाकी कमी असतांनाच येतो काय? तसें असेल तर टाकींतील ओढनळीस भेग असावी. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळीं सुरू होण्यास वेळ घेते काय? मग हवा शिरून डिझेल मागें टाकींत उतरत असावें. तापल्यावर सुरू होत नाहीं काय? तर इंजेक्टरांची परतगळती किंवा झिजलेला पंप. खड्ड्यांतून जातांना, ओझें नसतांहि येतो काय? तर दाब मोजणाऱ्या सेन्सरची वायर पाहावी. टाकीचें झांकण उघडतांच फुस्स आवाज होऊन गाडी बरी होते काय? तर टाकीचा हवेचा मार्ग बुजला. आमचें उत्तर एकच होतें: ओझें व चढ असेल तेव्हांच, आणि बंद करून थांबलें कीं बरी.

प्रथम त्यानें फिल्टरच्या तळाचें पाणी कांचेच्या बरणींत काढलें. चमचाभर पाणी व तांबूस गाळ निघाला. गाळांत चकचकीत धातूचे कण आहेत काय हें त्यानें उन्हांत धरून पाहिलें. तसे असते तर पंप खरोखरच झिजत आहे असें समजून सर्व मार्ग धुवावा लागला असता. कण नव्हते. नवा फिल्टर घातला. गाडी आठ दिवस नीट चालली व पुन्हां अडली. मग फिल्टर व पंप यांच्यामध्यें डिझेलास टिकणारी पारदर्शक नळी बसविली. बुडबुडे दिसले नाहींत, म्हणजे हवा शिरत नव्हती. इंजेक्टरांच्या परतनळ्यांस चार सारख्या बाटल्या लाविल्या. चारींत डिझेल जवळजवळ समान जमलें. एखादी बाटली फार भरती तर तो इंजेक्टर दोषी ठरता.

शेवटची परीक्षा सर्वांत सोपी आणि निर्णायक. स्वच्छ डिझेलाचा कॅन मागच्या हौद्यांत पक्का बांधून त्यांतून थेट फिल्टरला नळी दिली व परतीची नळीहि त्याच कॅनांत सोडली. टाकी पूर्ण वगळली. तितकाच माल भरून, स्कॅनर जोडून गाडी घाटांत नेली. मागितलेला दाब व मिळालेला दाब हे दोन आंकडे माथ्यापर्यंत जोडीनें चालले. दोष टाकींत होता, हें सिद्ध झालें.

टाकी उतरविली. आंतल्या जाळीवर काळा बुळबुळीत थर होता, आणि तळाशीं डब्याच्या बुचाखालीं असते तशी पातळ प्लॅस्टिकची चकती तरंगत होती. ओढ वाढली कीं ती जाळीस चिकटे. इंजिन बंद होतांच सुटून खालीं पडे. आमचीं दहा मिनिटें तीं हींच! काळा थर पाण्याचा. आमच्या गोठ्याशेजारीं डिझेलचें बॅरल पावसाळाभर उभें असे. दमट हवेचें पाणी त्याच्या तळाशीं सांचे, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतु वाढून असा थर धरतो. गाळणी न लावतां तें डिझेल आम्हींच टाकींत ओतीत होतों. पंपाचे चाळीस हजार ज्यास दिले त्याजवर माझा राग होता, तो तेथें निम्मा उतरला. निम्मा अद्याप आहे, कारण काढलेला जुना पंप त्यानें परत दिला नाहीं, व आम्हींहि मागितला नाहीं. सुटा भाग बदलल्यास जुना हातीं घेतल्याशिवाय पैसे देऊं नयेत.

एक धोक्याची सूचना मात्र आवर्जून देतों. जुन्या इंजिनाची हवा काढण्यास आपण चालत्या इंजिनाचा इंजेक्टरचा नट सैल करीत असूं. कॉमन रेलच्या गाडींत असें कधींहि करूं नये, आणि गळती हातानें चांचपूं नये. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून मांसांत शिरते. जखम टांचणीएवढी दिसते, पण तांतडीनें शस्त्रवैद्याकडे न नेल्यास बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊं शकते. इंजिन बंद करून, कंपनीच्या पुस्तकांत सांगितलेला वेळ थांबूनच नळ्यांस हात लावावा. तसेंच डिझेल तुटत असतां गाडी रेटूं नये. पंपास वंगण डिझेलाचेंच असतें.

टाकी धुतली, जाळी व फिल्टर बदलले. सर्व मिळून खर्च पंपाच्या दशांशाहि आला नाहीं. बॅरल आतां घडवंचीवर किंचित् तिरपें निजविलें असून, काढावयाची तोटी तळापासून चार बोटें वर आहे. दर पंधरवड्यास तळाचें बूच उघडून पाणी वेगळें काढतों, व ओतण्याच्या नरसाळ्यास बारीक जाळी लाविली आहे. श्रावणापासून गाडी चंदनापुरीचा घाट भरलेली चढते आहे.