स्क्रीनवरची सावली अपडेटने का जात नाही?

एपिसोड ऐकायला वेळ नसेल तर हा घ्या लेखी अवतार.

आधी एक छोटा प्रयोग. ओएलईडी स्क्रीनचा जुना फोन असेल तर त्यावर करड्या रंगाचा फोटो फुल स्क्रीन लावा. खाली कीबोर्डची, वर बॅटरीच्या चिन्हाची पुसट सावली दिसते का? यालाच बर्न-इन म्हणतात. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे काही बिघडलं की पहिला संशय कोडवर. पण इथे कोडचा दोष नाही. इथे रेणूच तुटलेत.

पिक्सेल म्हातारा कसा होतो?

ओएलईडीत मागे वेगळा दिवा नसतो. कार्बनी रेणूंच्या पातळ थरांतून करंट गेला की ते रेणू स्वतःच उजळतात. १९८७ साली ईस्टमन कोडॅकमधल्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी अशा दोन थरांचं उपकरण जगापुढे मांडलं. आजही त्यातली मोठी डोकेदुखी म्हणजे निळा रंग.

लाल प्रकाशकणाची ऊर्जा साधारण २ इलेक्ट्रॉनव्होल्ट, निळ्याची २.७ च्या आसपास. रेणूतले कमकुवत बंध तोडायला ३ ते ३.५ लागतात. म्हणजे एकटा निळा कमी पडतो. पण एका उजळायच्या बेतात असलेल्या रेणूने आपली ऊर्जा तशाच शेजाऱ्याला दिली, तर बेरीज ५ च्या वर जाते! मग मजबूत बंधही धोक्यात येतात. लालमध्ये ही बेरीज ४ च्या आसपासच राहते.

तुटलेले तुकडे नुसते पडून राहत नाहीत, ते शेजाऱ्यांचीही ऊर्जा गिळतात. म्हणून जिथे रोज पांढरा कीबोर्ड असतो, तिथला निळा लवकर मंदावतो आणि पांढरा पिवळट दिसायला लागतो.

दुसरा शत्रू: ओलावा

वेफर्स सादळू नयेत म्हणून पाकिटाला आतून ॲल्युमिनियमचा मुलामा असतो. ओएलईडीचे नखरे त्याहून कितीतरी जास्त. एक चौरस मीटर आवरणातून दिवसाला ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाइतकीच वाफ आत गेलेली चालते, नाहीतर काळे ठिपके पडतात. काच हे काम सहज करते. घडीच्या फोनमध्ये मात्र जाड काच चालत नाही, म्हणून तिथे एकावर एक अतिपातळ थर चढवतात.

मग आपण काय करायचं?

ब्राइटनेस दुप्पट केला की पिक्सेलचं आयुष्य निम्म्याहूनही कमी होतं. म्हणून ऑटो ब्राइटनेस, डार्क मोड आणि कमी स्क्रीन टाइमआउट, एवढं करा. बर्न-इन घालवणाऱ्या रंगीबेरंगी व्हिडिओंच्या नादी लागू नका. तुटलेला बंध त्याने जुळत नाही, उलट बाकीचे पिक्सेलही झिजतात.

आणि सेकंडहँड फोन घेताना पैसे द्यायच्या आधी तो करडा फोटो लावून बघाच.

चला, भेटू पुढच्या भागात!