कापडावरची नक्षी : हक्क कोणाचा?

बाजारात एखादी नक्षी चालली की थोड्याच दिवसांत तीच शेजारच्या दुकानात स्वस्तात टांगलेली दिसते. नक्षीकार म्हणतो माझी मेहनत चोरली. दुकानदार म्हणतो नमुना बाजारातच होता. आम्ही कापडवाल्यांनी हे तंटे पुष्कळ पाहिले आहेत. त्यात कायदा काय म्हणतो, हे मात्र दोघांनाही ठाऊक नसते.

कागदावरच्या चित्राचा कॉपीराईट चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो. पण तेच चित्र कापडावर उतरले की हिशेब बदलतो. कॉपीराईट कायदा १९५७ च्या कलम १५ नुसार, डिझाईन म्हणून नोंदवता येण्याजोगी नक्षी नोंदवली नाही आणि मालकाने किंवा त्याच्या परवान्याने ती कारखानी पद्धतीने ५० पेक्षा जास्त वेळा मालावर काढली, की तिच्यावरचा कॉपीराईट संपतो. पन्नास म्हणजे किती? छपाईवाल्याचे तेवढे काम चहाच्या आधीच होते! याच कलमावर मायक्रोफायबर्स या परदेशी कंपनीचा सोफ्याच्या कापडाच्या नक्षीचा दावा दिल्ली उच्च न्यायालयात २००९ साली खंडपीठापुढेही टिकला नाही. २०१६ साली रितू कुमार यांच्या कंपनीचा 'बीबा'विरुद्धचा दावाही तिथेच अडला. एवढ्या मोठ्या पेढ्यांची ही गत, तर आमच्यासारख्यांचे काय?

इलाज एकच, डिझाईन कायदा २००० खाली नोंद. मुदत दहा वर्षे, पुढे पाच वर्षे वाढवून मिळते. अट अशी की नक्षी नवी हवी आणि अर्जाआधी ती बाजारात आलेली नसावी. आधी गिऱ्हाईक बघू, मग नोंद करू, असे म्हणणाऱ्याची नोंद गेलीच समजा.

कारागीर भावांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी नक्षी केली, तर या कायद्याने डिझाईनचा मालक काम करवून घेणारा ठरतो. तेव्हा व्यापाऱ्याशी बोली काय झाली, किती मालापुरती, पुन्हा छापल्यास किती द्यायचे, हे रंग कालवण्याआधी कागदावर घ्या. चित्राचा कॉपीराईट देतानाही सहीचा लेख लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षे धरतो. तोंडी इजाजतीचा पुरावा द्यायचा कुठून?

केरी, जाळी, वेलबुट्टी ही तर बापजाद्यांची दौलत. ती कोणा एकाची नाही. नवी मांडणी तेवढी नोंदवता येते. केरीवरून कोणाची नोटीस आली तर घाबरून माल उतरवू नका. आधी त्याच्याकडे नोंदणी क्रमांक मागा आणि नोंदलेले चित्र आपल्या कापडाशेजारी ठेवून पाहा.