लाडक्या गड्याची जबाबदारी

पिंपळनेरसारख्या गावातही आता मुले मोबाईलवर सोंगे घेऊन खेळतात. कोणी पोलीस होतो, कोणी गुंड. सगळे मिळून गोष्ट रचतात. त्यात एखादा सर्वांचा लाडका असतो. तो बोलेल तसे बाकीचे बोलतात.

सोंग आपल्याला नवे नाही. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक यांच्या आंबेडकरी जलशातही तरुण मंडळी सोंगे घेत. पण ते हसवता हसवता समाज शहाणा करीत. टाळी मिळवणाऱ्याच्या शब्दाला वजन असते, हे ते जाणून होते.

खेळातल्या लाडक्याने कोणाला जातीवरून टोमणा मारला आणि सगळे हसले, की दुसऱ्या दिवशी दहाजण तोच टोमणा मारतात. 'मी नव्हे, माझे पात्र बोलले' ही सबब खोटी. घाव बसतो तो जिवंत माणसाला.

म्हणून लाडक्यानेच नवख्याला चांगले काम द्यावे. चेष्टा वाढली तर पहिला 'थांबा' त्यानेच म्हणावे. नवख्याने म्हटले तर त्यालाच हाकलतात. लाडक्याने म्हटले तर सारे थांबतात.

आई-वडिलांनो, मुलगा किती वेळ खेळतो एवढेच विचारू नका. तिथे कोणाला गप्प बसवतात, हेही विचारा. कोणी मुलाला धमकावत असेल तर १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक लक्षात ठेवा.