इमारतीचा नकाशा आणि उजनीचे हिरवे पाणी

मोडनिंब ज्या माढा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात भीमेवर उजनी धरण आहे. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाचे पाणी सोलापूर शहर पिते. त्याच्या वरच्या अंगाला मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांच्या काठी पुणे आणि पिंपरी-चिंचवड वाढत आहेत. तेथे मंजूर होणाऱ्या प्रत्येक इमारतीच्या सांडपाण्याची वाट शेवटी उजनीकडे येते.

उजनीचे पाणी हिरवे दिसते, जलपर्णी माजते, याचे कारण पाण्यातील खत. उसाला घालतो तेच नत्र आणि स्फुरद. काही भाग शेतांतून वाहून येतो, मोठा भाग सांडपाण्यातून. गोड्या पाण्यात बहुधा स्फुरदाचाच तुटवडा असतो. तो भरून निघाला की शैवाल फोफावते. ते मरून कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात.

आता वर्गात फळ्यावर करता येईल असे गणित पाहू. एका माणसाच्या मलमूत्रातून व धुण्याच्या पाण्यातून रोज सुमारे दीड ग्रॅम स्फुरद जाते असे धरा. शंभर सदनिका, चारशे माणसे: रोज ६०० ग्रॅम, वर्षाला सुमारे २१९ किलो. शैवालाच्या सर्वसाधारण घटनेनुसार एक किलो स्फुरदावर शंभर किलोहून अधिक (कोरड्या वजनाचे) शैवाल पोसता येते. म्हणजे एका गृहसंकुलामागे वीस टनांहून अधिक! सगळे स्फुरद उजनीपर्यंत पोचत नाही, काही गाळात अडकते. पण तळाशी प्राणवायू संपला की गाळातले स्फुरदही पुन्हा पाण्यात उतरते.

हे गणित परवानगी देताना मांडतात का? इंग्लंडमध्ये मांडतात. युरोपीय न्यायालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये नेदरलँड्समधील नत्राच्या खटल्यात दिलेल्या निकालानंतर, आधीच बिघडलेल्या संरक्षित जलक्षेत्रात भर घालणारी घरे मंजूर करणे तेथे अवघड झाले. मार्च २०२२ नंतर ही अडचण ७४ स्थानिक संस्थांपर्यंत पोचली. बांधणाऱ्याने आपल्या घरांचे नत्र-स्फुरद मोजायचे आणि तेवढेच दुसरीकडे कमी करून दाखवायचे: पाणथळ जागा तयार करून, किंवा शेतजमीन लागवडीखालून काढून. हजारो घरे अडली, बिल्डर चिडले, आणि २०२३ मध्ये अट सैल करण्याचा सरकारी प्रयत्न उमरावांच्या सभागृहात फसला.

आपल्याकडे २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते आणि सांडपाणी शुद्धीकरणाची अट येते. पण शुद्धीकरण म्हणजे काय, यातच मेख आहे. २०१७ च्या केंद्रीय मानकांत सेंद्रिय भार, गाळ, आम्लता आणि जिवाणू आहेत, नत्र-स्फुरद नाही. साधे जैविक शुद्धीकरण स्फुरदाचा थोडाच भाग काढते. पाणी स्वच्छ दिसते, खत तसेच पुढे जाते. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१९ मध्ये नत्र लिटरला १० आणि स्फुरद १ मिलिग्रॅम अशी मर्यादा सांगितली. माणशी १३५ लिटर पाणी धरले, तर आपले २१९ किलो वीस किलोंवर येतात.

महाराष्ट्राचे नदी नियमन क्षेत्र धोरण नदीपासूनच्या अंतरावर उद्योगांना परवानगी ठरवीत असे. ते २०१५ मध्ये रद्द झाले. माझ्या मते अंतर हे मोजमाप अपुरेच होते. विरघळलेले स्फुरद गटारातून दहा किलोमीटरही सहज जाते.