निरोपांचा सहकार

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतून गडहिंग्लजला मोबाइलवरून पाठवलेला निरोप ज्या सर्व्हरमधून, म्हणजे इतर संगणकांना अखंड सेवा देणाऱ्या ज्या संगणकांमधून जातो, ते आज बहुतेक वेळा एकाच कंपनीच्या मालकीचे असतात, आणि त्यामुळे खाते कोणाचे चालू ठेवायचे, नियम कोणते लावायचे व सेवा कशी बदलायची हे सर्व तीच कंपनी ठरवते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक कंपनीच्या अंतर्गत जाळ्यात बिघाड झाला, तेव्हा त्याच कंपनीच्या मालकीचे व्हॉट्सॲपही जगभर सुमारे सहा तास बंद पडले. एकाच दारातून सगळी ये-जा चालली की ते दार बंद होताच सगळेच अडकतात, आणि या अडचणीवरचा उपाय म्हणून विकेंद्रित संदेशवहनाची कल्पना मांडली जाते.

ही कल्पना कोल्हापूर जिल्ह्याला अपरिचित वाटू नये. गावोगावच्या प्राथमिक दूध संस्था आपापल्या सभासदांच्या आणि आपापल्या कारभाराच्या असतात, तरीही त्या १९६३मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाशी, म्हणजेच ‘गोकुळ’शी, जोडलेल्या असतात. त्याचप्रमाणे विकेंद्रित संदेशवहनातही प्रत्येक संस्थेचा सर्व्हर स्वतंत्र असतो आणि ठरलेल्या समान नियमांमुळे एका सर्व्हरवरील माणूस दुसऱ्या सर्व्हरवरील माणसाशी बोलू शकतो. फरक इतकाच, की येथे मधोमध कोणताही शिखर संघ नसतो. या समान नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. त्यांपैकी एक्सएमपीपी हा प्रोटोकॉल ‘जॅबर’ या नावाने १९९९च्या सुमारास पुढे आला, तर मॅट्रिक्स हा दुसरा प्रोटोकॉल २०१४मध्ये सुरू झाला आणि फ्रान्सच्या सरकारी कर्मचाऱ्यांसाठीची ‘चॅप’ ही सेवा त्यावरच उभी आहे. व्हॉट्सॲपची सुरुवातीची बांधणीही एक्सएमपीपीच्या ओपन सोर्स, म्हणजे कोणालाही वाचता, वापरता व बदलता येणाऱ्या, सॉफ्टवेअरवर झाली होती. मात्र त्या कंपनीने इतर सर्व्हरांसाठी दार उघडे ठेवले नाही. गूगल टॉकने ते काही वर्षे ठेवले होते, पण २०१३मध्ये हँगाउट्स आणताना नव्या सेवेतून ते वगळले. खुले तंत्र खुले राहण्यासाठी त्याची राखण करणारी माणसे लागतात, हे या घटनांवरून ध्यानात येते.

या माणसांत बरेच जण स्वयंसेवक असतात. भारतात ‘फ्री सॉफ्टवेअर कम्युनिटी ऑफ इंडिया’ या गटाचे स्वयंसेवक अशा सेवा लोकांसाठी चालवत आले आहेत, आणि त्याच वर्तुळातून ‘प्राव’ हा एक्सएमपीपीवर आधारलेला उपक्रम निघाला, ज्याचे उद्दिष्ट ही सेवा बहुराज्य सहकारी संस्थेच्या मालकीची करावी असे आहे. वापरणाराच सभासद आणि सभासदच मालक, हे सहकाराचे मूळ तत्त्व निरोपांच्या व्यवस्थेला लावण्याचा हा प्रयत्न आहे, आणि ज्या जिल्ह्याचे अर्थकारण सहकारावर उभे राहिले त्याने त्याकडे विशेष लक्ष द्यावे इतक्या मोलाचा तो आहे.

कारण माहितीच्या देवाणघेवाणीचा एक मोठा प्रयोग याच भागात होऊन गेला आहे. १९९८मध्ये वारणानगर परिसरातील ७० गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला, ज्यात केंद्र व राज्य सरकारसह वारणेची सहकारी चळवळ सहभागी होती. गावातील केंद्रांवर संगणक बसवले गेले आणि उसाचे वजन, तोडीची परवानगी, खताची मागणी यांसारखे साखर कारखान्याचे व्यवहार त्यांवरून होऊ लागले. शेतीविषयक ज्ञान आणि गावकऱ्यांचा परस्परसंवाद यांबाबतच्या मोठ्या अपेक्षा मात्र फारशा पुऱ्या झाल्या नाहीत, आणि संगणकांची देखभाल हा सततचा खर्च ठरला. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी ‘वारणा अनवायर्ड’ या प्रयोगात सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या एसएमएसवरून हीच कामे होऊ शकतात हे दाखवले. येथे ध्यानात घ्यायची गोष्ट अशी, की शेतकरी नव्या साधनाला बिचकला नव्हता. ते साधन वर्षानुवर्षे चालू ठेवण्याचा भार कोणी व कसा उचलायचा, हा खरा प्रश्न होता.

ओपन सोर्समधील सेवाकार्याचे मर्मही तेथेच आहे. सर्व्हरवरील सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणे, माहितीची दुसरी प्रत जपणे, त्रासदायक जाहिराती व खोटी खाती हटवणे, सापडलेला दोष नीट लिहून कळवणे, नवख्या माणसाला समजेल अशी माहितीपुस्तिका लिहिणे, या कामांना नवे काही घडवल्याची झळाळी नसते, पण त्यांच्यावाचून कोणतीही सेवा टिकत नाही. मार्च २०२४मध्ये ‘एक्सझेड’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पेरलेली चोरवाट उघडकीस आली, तेव्हा असे दिसले की त्याची जबाबदारी दीर्घकाळ एकाच थकलेल्या स्वयंसेवकावर होती आणि त्याच थकव्याचा फायदा घेऊन चोरवाट पेरणाऱ्याने त्याचा विश्वास मिळवला होता. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमागे कोणाचे तरी कष्ट असतात, याची जाणीव वापरणाऱ्यांना फारच कमी असते, ही खेदाची गोष्ट आहे.

या तंत्राच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. जून २०२३मध्ये कोल्हापुरात तणावामुळे इंटरनेट बंद करण्यात आले, किंवा २०१९ व २०२१च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी चढून पुणे-बंगळूर महामार्गही बंद पडला, अशा वेळी इंटरनेट मिळाले नाही तर त्यावरच अवलंबून असलेले स्वतंत्र सर्व्हरही निरुपयोगी ठरू शकतात. ‘ब्रायर’सारखे ॲप ब्लूटूथ किंवा वायफायने जवळच्या फोनशी थेट जोडले जाते, पण त्याचा पल्ला थोडा असतो, शिवाय मे २०२३मध्ये केंद्र सरकारने जम्मू-काश्मीरमधील सुरक्षेचे कारण देऊन ज्या १४ ॲपवर बंदी घातली, त्यांत ब्रायर आणि मॅट्रिक्सवर चालणारे ‘एलिमेंट’ हे दोन्ही होते. ओपन सोर्स तंत्र आणि कायदा यांतील हा ताण अजून सुटलेला नाही, आणि स्वयंसेवकाने त्याची माहिती ठेवूनच काम केले पाहिजे.

तरीही या भागात मनुष्यबळाची वाण नाही. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स गट आहे, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आणि अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. ॲपवरील सूचना स्वच्छ मराठीत आणणे हे काम तर प्रोग्रामिंग न येणाऱ्या मराठीच्या विद्यार्थ्यालाही करता येते. एखाद्या सहकारी संस्थेने आपल्या सभासदांसाठी असा सर्व्हर चालवायचे ठरवले, तर त्याचा खर्च वार्षिक ताळेबंदात स्वतंत्रपणे दाखवावा आणि त्याची जबाबदारी किमान दोन प्रशिक्षित व्यक्तींकडे द्यावी. केवळ उत्साही विद्यार्थ्यांच्या भरवशावर तो सोडू नये.